भिंगरी अंड्याला नाही म्हणाली

“बोगदा कोसळला! भिंगरी आत आहे!” शेपूट ओरडला.

चार खुर्च्यांवर पांघरलेली निळी चादर खाली आली होती आणि तिच्याखाली एक ढेकूळ सैरावैरा धावत होतं. ढेकूळ कपाटावर आपटलं, वळलं, टेबलाच्या पायांतून आरपार गेलं आणि चादरीसकट दाराकडे सुटलं.

“वकील, दार!” मुकादम गरजली.

“दार लावू की तिला धरू? हुकूम स्पष्ट हवा,” वकील म्हणाला, पण तोवर त्याने दार लावलं होतं.

ढेकूळ दारावर धडकलं. चादरीतून आधी एक काळं नाक बाहेर आलं, मग एक उभा कान, मग एक पडलेला कान. भिंगरीने तिघांकडे पाहिलं आणि ‘पुन्हा एकदा?’ अशा आशेने शेपटी हलवली.

या मुलांची खरी नावं शाळेच्या हजेरीपटात होती. सुट्टीत ती कोणी वापरत नसे. मुकादम तेरा वर्षांची. ती कुठेही उभी राहिली की कामं वाटायला सुरुवात करायची, म्हणून मुकादम. तिचा नऊ वर्षांचा भाऊ ताई जाईल तिथे मागे, म्हणून शेपूट. शेजारचा बारा वर्षांचा वकील प्यायला पाणी मागितलं तरी आधी मुद्दा मांडायचा. आणि भिंगरी, कुत्र्याचं पिल्लू, पाच महिन्यांची, तपकिरी, घरात येऊन जेमतेम महिना झालेली. त्या महिन्यात तिने दोन चपला, नकाशावहीतले तीन महासागर आणि समोरच्या टेलरकाकूंची मोजपट्टी चावून संपवली होती.

“हिच्या अंगात रग आहे, ती जिरवायला हवी,” प्राण्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. “नुसतं पळवू नका. डोकं आणि पाय, दोन्ही कामाला लावा. घरातच खेळ मांडा.” आणि त्यांनी खेळ शिकवले होते. जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून एकेक पाय उचलून चालायचं. बादलीला वळसा घालून परत यायचं. डब्याच्या झाकणाला नाक लावायचं. वर्तमानपत्र, ताट, फळी, फुग्याफुग्यांचा प्लॅस्टिक कागद, ज्याच्यावर सांगितलं त्याच्यावर चारही पाय ठेवायचे. आणि ‘चटईवर!’ म्हटलं की असेल तिथून येऊन चटईवर बसायचं. प्रत्येक वेळी बक्षीस उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा.

“उडी मात्र नाही,” डॉक्टरांनी बोट उगारून बजावलं होतं. “वर्षाची होईपर्यंत नाही. हाडं कच्ची आहेत तिची. काठी जमिनीवर म्हणजे जमिनीवर!”

मुकादमने त्या दिवशीच एक रोजवही आखली. तारीख, खेळ, किती वेळा, शेरा. “वहीत नाही ते झालंच नाही,” असा तिचा नियम होता. शेपूट एकदा न लिहिता भिंगरीला बादलीभोवती फिरवून आला, तेव्हा तिने त्याला ती फेरी पुन्हा घ्यायला लावली होती.

“चटईवर!” आता ती म्हणाली.

भिंगरी धावत जाऊन चटईवर बसली. तिच्या शेजारी, थपकन, आणखी कोणीतरी बसलं. वरच्या मजल्यावरची अडीच वर्षांची छकुली! तिची आई पायरीवर गप्पा मारत बसली की ही मागच्या दाराने आत यायची आणि ‘चटईवर’ ऐकलं की भिंगरीच्या आधी बसायची.

“मला पण अंडं!” छकुलीने हात पुढे केला.

“दोघींत जास्त हुशार कोण, हा वादाचा मुद्दा आहे,” वकील म्हणाला.

“येत्या रविवारी कळेलच,” मुकादम म्हणाली.

येत्या रविवारी इमारतीची बैठक होती. विषय एकच: भिंगरीला आवारात फिरू द्यायचं की नाही. सेक्रेटरीकाकांनी फळ्यावर तशी सूचनाच लावली होती. आवार बंद झालं, तर आई भिंगरीला गावाबाहेर राहणाऱ्या मामाकडे पाठवणार होती. दिवसभर खोलीत कोंडून ठेवण्यापेक्षा ते बरं, असं तिचं म्हणणं. म्हणून मुकादमने ठरवलं होतं की बैठकीआधी सगळ्यांसमोर भिंगरीचे खेळ करून दाखवायचे.

खिडकीबाहेर काहीतरी खरखरलं. सेक्रेटरीकाका एक पांढरा कॅन फरफटत आवारातून जिन्याखाली नेत होते. खिडकीत मुलं दिसताच ते थांबले. “कुत्र्याला आवरा! रविवारी बघतोच!”

“आणि माझी मोजपट्टी?” समोरच्या खिडकीतून टेलरकाकूंचा आवाज आला. त्यांची शिलाईची खोली अगदी समोर होती. अरुंद आवारापलीकडे खिडकीला खिडकी. “पुन्हा माझ्या दारात आली ना, तर पाय बांधून ठेवीन हिचे!” आणि त्यांचं मशीन परत कटकटकट सुरू झालं.

संध्याकाळ झाली. निघताना वकील चपला घालता घालता म्हणाला, “एक सांगू? राग नको मानू. रविवारी लोक हसतील. काठी जमिनीवर आणि ही वरून चालत जाणार! यात कसरत कसली? असं तर माझे आजोबाही चालतात!”

शेपूट खिदळला. दोघं बाहेर पडले. मुकादम हसली नाही.

ती एकटीच उरली. सोमवार, सव्वासहा. आई छापखान्यातून अजून यायची होती. मुकादमने झाडूची काठी उचलली. दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या. काठी त्यांच्या बैठकीवर आडवी ठेवली. एकदाच, तिने स्वतःला सांगितलं. जमतं का ते फक्त बघायचं.

भिंगरी उडाली! कान मागे, पोट आत, काठीच्या वरून स्वच्छ! मुकादमने टाळी वाजवली. दुसऱ्यांदाही उडाली. तिसऱ्यांदा मागचे पाय काठीला अडकले, काठी घरंगळली आणि भिंगरी फरशीवर कुशीवर आदळली.

“क्याँव!”

समोरच्या खिडकीतलं मशीन थांबलं. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

भिंगरी उठली, अंग झटकलं, झाकणाला नाक लावलं आणि अंडं मागितलं. चालली, पळाली, फळीवरही चढली. काही झालं नव्हतं. मुकादमने खुर्च्या जागच्या जागी ठेवल्या, रोजवही उघडली आणि लिहिलं: ‘जमिनीवरची काठी. सहा वेळा. उत्तम.’

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

*

मंगळवारी सकाळी सव्वासातला शेपूट भिंगरीला आवारातून आत घेऊन आला तो कडेवर.

“ताई! ही पाय टेकत नाहीये!”

भिंगरीला खाली ठेवलं तर ती तीन पायांवर उभी राहिली. मग उचललेला पाय टेकला आणि दुसरा उचलला. मग जमिनीवर बसून पंजे चाटायला लागली.

वकील आला आणि गुडघ्यावर बसून बघू लागला. “गंमत आहे. कधी हा पाय, कधी तो. लागलंय तरी कुठल्या?”

“हात नको लावू,” मुकादम म्हणाली. “मुरगळला असेल.”

“आपोआप? काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती. वही काढ!” वकिलाने वही पाहिली. “जमिनीवरची काठी, सहा वेळा, उत्तम. म्हणजे घरात काही झालं नाही. बाहेर झालं. कोणीतरी मारलंय हिला!”

“कोणी?” शेपूटचे डोळे मोठे झाले.

“पाय बांधून ठेवीन, असं भर आवारात कोण म्हणालं होतं?”

दोघांनी समोरच्या खिडकीकडे पाहिलं. मग दोघांनी मुकादमकडे पाहिलं. निकाल ती देणार होती, नेहमीसारखा.

तिला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नाही रे, मी उडी मारायला लावली. तोंड उघडलंही तिने.

“असेलही,” ती म्हणाली.

“डॉक्टरांकडे नेऊ या?” शेपूटने विचारलं.

“उद्या बघू. बरी होईल तोवर.” डॉक्टरांनी पायाला हात लावताच त्यांना उडी कळली असती. निदान मुकादमला तसं वाटत होतं.

संध्याकाळी आईने विचारलं, “उड्याबिड्या नाही ना मारल्या हिने?” छापखान्यात दिवसभर ती मजकुरातल्या चुका शोधायची, घरी मात्र मुलीच्या वहीवर तिचा विश्वास होता.

“वहीत आहे का?” मुकादम म्हणाली.

आईने पान पाहिलं. “नाही,” ती म्हणाली, वही मिटली आणि भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला.

मुकादमला त्या रात्री जेवण गेलं नाही. खोटं एकदाच लिहिलं होतं; वाचत मात्र सगळेच होते.

*

बुधवारी भिंगरी चटईवरून उठलीच नाही. आणि शेपूटचा धीर सुटला.

काय होतंय हे कळायच्या आत तो आवार ओलांडून टेलरकाकूंच्या खोलीत शिरला. मुकादम आणि वकील मागोमाग धावले. आत दोन गिऱ्हाइकं होती. टेलरकाकू तोंडात टाचण्या धरून एका बाईंच्या बाहीचं माप घेत होत्या.

“तुम्ही आमच्या भिंगरीला मारलंत!” शेपूट किंचाळला. “तुम्हीच म्हणाला होतात पाय बांधीन! आता ती चालतच नाहीये!”

गिऱ्हाईक बाईंनी हात मागे घेतला. “अगंबाई! मुक्या जनावराला?”

टेलरकाकूंनी माप घेणं थांबवलं. एकेक करून त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि उशीत खोचल्या. मग विचारलं, “कोण म्हणतं मी मारलं?”

“ताई!”

काकूंनी दाराकडे पाहिलं. मुकादम उंबऱ्यात उभी होती. काकूंच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत होत्या, वाट बघावी तशा. मुकादमला वाटलं, पायाखालच्या फरशीने आपल्याला पोटात घ्यावं.

तिने नजर खाली वळवली.

“असं होय,” काकू म्हणाल्या. “बरं. आधी पिल्लाला डॉक्टरांकडे न्या. मला फाशी द्यायला नंतरही वेळ आहे.” आणि बाईंकडे वळून, “हात पुढे करा.”

“नको, मी उद्या येते,” बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसरं गिऱ्हाईकही गेलं.

मुकादम घरी पळाली. भिंगरी चटईवर पडली होती. मुकादम तिच्याजवळ बसली आणि तिने तोंड हातात लपवलं. थोड्या वेळाने हाताला काहीतरी ओलं लागलं. भिंगरी लंगडत उठली होती. खाली पडलेलं डब्याचं झाकण मुकादमच्या हाताशी होतं आणि भिंगरीने शिकवल्याप्रमाणे त्याला नाक लावलं होतं. मग तिने वर बघून शेपटी हलवली. उत्तम ना?

मुकादम ताडकन उठली. “शेपूट! कपड्यांची टोपली आण! वकील, टॉवेल! आत्ताच्या आत्ता निघायचं!”

दवाखाना तीन गल्ल्या पलीकडे होता. डॉक्टरांनी भिंगरीला टेबलावर ठेवलं. “कधीपासून?”

“मंगळवार सकाळपासून,” वकील म्हणाला. “वही आणलीय. बघा, सोमवारी...”

“वहीत खोटं आहे,” मुकादम म्हणाली.

वकिलाचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

“सोमवारी सव्वासहाला मी काठी खुर्च्यांवर ठेवली. तीनदा उडी मारायला लावली. तिसऱ्यांदा ती पडली, उजव्या कुशीवर. तुम्ही नाही म्हणाला होतात, तरी. टेलरकाकूंनी काही केलेलं नाही. मीच केलंय सगळं.” हे सगळं ती भिंतीवरच्या मांजराच्या चित्राला सांगत होती.

शेपूट टोपलीच्या या बाजूला, ताईला चिकटून उभा होता. तो हळूच त्या बाजूला गेला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “पडल्यावर चालली?”

“हो. पळालीसुद्धा. फळीवरही चढली.”

“हं.” त्यांनी कंबर, गुडघे, घोटे, सगळं दाबून पाहिलं. भिंगरीने हू की चू केलं नाही. मग त्यांनी पंजा उलटा केला. “दिवा इकडे कर. हे बघा.”

पंजाची काळी गादी लालभडक झाली होती आणि तिची कातडी सोलपटून निघाली होती. एकाच नाही, चारही पंजांची.

“हे उडीने होत नाही. भाजलंय. कसल्या तरी रसायनावर पाय पडलाय हिचा. चाटून जीभही लाल झालीय.” डॉक्टर पाण्याने पंजे धुवायला लागल्या. “बरी होईल. पण काल आणलं असतंत, तर कालच दुखणं थांबलं असतं.”

म्हणजे उडीने झालं नव्हतं! मुकादमला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एक लपवायला गेले आणि भिंगरी उगाच एक दिवस भाजल्या पायांनी बसून राहिली. आणि टेलरकाकू...

“ते रसायन जिथे कुठे आहे, तिथे अजून असेल,” डॉक्टर मलमपट्टी करता करता म्हणाल्या. “आधी ते शोधा. तुमच्या आईला मी फोन करते. आणि सापडलं तर हात लावू नका!”

परत येताना टोपली वकिलाने आणि शेपूटने धरली. त्या दिवशी शेपूट ताईच्या मागे चालला नाही. तो पुढे चालत होता.

*

फाटकाशी आल्यावर वकिलानेच तोंड उघडलं. “तू खोटं लिहिलंस, त्यावर मी नंतर सविस्तर भांडणार आहे. आधी शोध. मंगळवारी सकाळी शेपूट हिला कुठे कुठे घेऊन गेला?”

“आवारभर,” शेपूट रडवेला झाला. “ती ओढते तिकडे मी जातो. काय लक्षात राहणार?”

“तिच्या लक्षात असेल,” मुकादम हळूच म्हणाली.

दोघांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

“पायांचा खेळ! सांगू त्याच्यावर ती चारही पाय ठेवते. ताट वाजलं तरी घाबरत नाही. अंड्यासाठी ती कशावरही जाईल. जिथे जाणार नाही...”

“...ती जागा!” वकील ओरडला. “हरकत नाही! म्हणजे, मला हरकत नाही!”

भिंगरीच्या चारही पायांना जाड पट्ट्या होत्या. तिला दोरी लावून हळूहळू न्यायचं आणि संशय आला की लगेच उचलायचं, असं ठरलं. पायरीजवळ चटई टाकली. शेपूटने स्वयंपाकघरातून तीन अंडी आणली. सोललेली टरफलं वाटीत तशीच होती.

फाटकाजवळ ताट ठेवलं. भिंगरी लंगडत गेली, पाय ठेवले, अंडं खाल्लं. सायकलींपाशी वर्तमानपत्र. गेली. भिंतीशी प्लॅस्टिकचा कागद. फुगे फुटले फट्फट्, गेली! मग मुकादम नळाच्या कोपऱ्याकडे वळली आणि तिने हातातला तुकडा पुढे धरला.

भिंगरी बसली.

“ये, भिंगरी!”

भिंगरीने मान फिरवली. आता मुकादमने अख्खं अंडं दाखवलं. भिंगरीच्या तोंडातून लाळ गळली, पण ती जागची हलली नाही. दोरी ताणून मागे मागे सरकू लागली.

“भिंगरी अंड्याला नाही म्हणतेय!” शेपूट कुजबुजला.

मुकादमने तिला पटकन उचललं. तिघं जागच्या जागी उभे राहून बघू लागले. कडक ऊन होतं, सगळं आवार कोरडं ठणठणीत. नळ सकाळपासून बंद. तरी नळाजवळच्या काळ्या लाद्या ओल्या होत्या आणि त्या ओलीची कड पांढरट पडली होती. ओल मागे मागे जात जिन्याखाली शिरत होती. तिथे, जुन्या सायकलींच्या मागे, एक पांढरा कॅन आडवा पडला होता.

“सोमवारी सेक्रेटरीकाका नेत होते तोच!” शेपूट म्हणाला.

“पुरावा हवा,” वकील म्हणाला. “विज्ञानाच्या तासाला आपण काय केलं होतं? अंड्याचं टरफल आम्लात टाकलं की...”

त्याने लांबून एक टरफल ओल्या लादीवर फेकलं. क्षणभर काही झालं नाही. मग टरफलाच्या कडेला बारीक बुडबुडे आले. फस्स! ते फेसाळायला लागलं.

आणि नेमका त्याच क्षणी मागून एक लाल चेंडू टप टप उड्या मारत आला, मुकादमच्या पायाजवळून गेला आणि सरळ नळाकडे घरंगळला. त्यामागे, अनवाणी, हसत, छकुली!

वकील एका टोकाला. शेपूट दुसऱ्या. मुकादमच्या दोन्ही हातांत भिंगरी. छकुली ओल्या लाद्यांपासून चार पावलांवर. “थांब” म्हटलं तर ती आणखी जोरात पळायची, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं.

“चटईवर!” मुकादम सगळी ताकद लावून ओरडली.

छकुली गर्रकन वळली. तुरुतुरु धावत पायरीपाशी आली आणि थपकन चटईवर बसली.

“मला अंडं!”

शेपूटने तिला अख्खं अंडं दिलं. मुकादमने भिंगरीला छातीशी धरलं. ती तिथेच बसली.

आरडाओरडा ऐकून माणसं जमली. छकुलीची आई, वकिलाचे आजोबा, घाईघाईने फाटकातून आलेली आई. टेलरकाकू त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. आणि वरून सेक्रेटरीकाका उतरले.

“काय चाललंय? पुन्हा कुत्रं?”

“काका, जिन्याखालच्या कॅनमध्ये काय आहे?” वकिलाने विचारलं.

“रिकामा आहे तो. फरशी धुवायचं काहीतरी होतं, संपलं.”

“मग ही ओल?”

“पाणी असेल! साधं पाणी! उगाच बाऊ करू नका.”

वकील बोलणार, तोच मुकादम उठली. “साधं पाणी आहे ना, काका? मग चप्पल काढून त्यावर उभे राहता?”

सगळे काकांच्या पायांकडे बघू लागले. काकांनी उजवी चप्पल काढली. पाय उचलला. लादीवर टरफल अजून फसफसत होतं. पाय हवेत राहिला. मग तो हळूच परत चपलेत गेला.

“झाकणाला... जराशी चीर होती,” काका पुटपुटले. “उद्या टाकून देणारच होतो.”

“उद्या?” छकुलीच्या आईने पोरीला उचलून तिचे तळवे तपासले. “आज हिचे पाय गेले असते, सेक्रेटरी!”

पुढचा तासभर काकांनी पायात बूट आणि हातात मोजे घालून लाद्यांवर पाणी ओतलं. आजोबा काठीने दाखवत होते, कुठे राहिलंय ते. फळ्यावरची सूचना काकांनीच काढली. “ज्या पिल्लाने धोका दाखवला त्याला बंदी घालायला मी काय दगड आहे?” असं काहीतरी ते म्हणाले, कोणाकडे न बघता.

मग मुलांचं कौतुक सुरू झालं. “काय डोकं आहे पोरीचं!” आजोबा म्हणाले. “प्रसंगावधान म्हणतात ते हे! आणि शिस्त बघा, वही ठेवते रोजची!”

मुकादमने मान खाली घातली. हे शब्द ऐकायला महिनाभर ती झटली होती. आता ते अंगाला टोचत होते.

“वहीत खोटं लिहिलंय मी, आजोबा,” ती म्हणाली. मोठ्याने, कारण हळू बोलली असती तर पुन्हा बोलावं लागलं असतं. “सोमवारी मी भिंगरीला उडी मारायला लावली. ती पडली. मला वाटलं, त्यानेच लंगडतेय. म्हणून मी डॉक्टरांकडे नेलं नाही. आणि ही दोघं टेलरकाकूंवर संशय घेत होती, तेव्हा मी ‘असेलही’ म्हणाले. काकूंची गिऱ्हाइकं गेली. त्यांनी काही केलं नव्हतं. मला माहीत होतं.”

आईने तिच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं मुकादमला सगळ्यात जड गेलं.

ती टेलरकाकूंसमोर जाऊन उभी राहिली. “काकू, चुकलं माझं.”

“मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या. “खिडकी समोर आहे माझी. पडली तेव्हा मशीन थांबवलं होतं मी.”

मुकादमला एकदम आठवलं. कटकट थांबली होती. “मग... सकाळी सगळ्यांसमोर तुम्ही सांगितलं का नाही?”

“तुला उघडं पाडून माझं काय शिवलं जाणार होतं? ते सांगायचं काम तुझं होतं. मी वाट बघत होते.” काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला. “खरं सांगू? दुपारपर्यंत तुझा फार राग आला होता मला. आता कमी झालाय. गेला नाही, कमी झालाय. चुकलेली शिवण उसवायला बसणारी माणसं थोडी असतात. ते मात्र तू केलंस, चारचौघांत.”

त्या संध्याकाळी मुकादम त्या गिऱ्हाईक बाईंच्या घरी गेली आणि दारात उभी राहून तिने सगळं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगतानाही ते सोपं गेलं नाही. परत येताना जिन्यात तिला मागे पावलं ऐकू आली. शेपूट होता.

“तू कधी आलास?”

“पहिल्यापासून मागेच होतो,” तो म्हणाला.

घरी येऊन तिने रोजवही उघडली. सोमवारची ओळ खोडली. पण अशी, की खालचं वाचता यावं. शेजारी लिहिलं: ‘काठी खुर्च्यांवर. उडी तीन वेळा. पडली. मी लावली.’ शेऱ्याची जागा तिने कोरी ठेवली. आईने ते वाचलं, पेन घेतलं आणि कोरी जागा तशीच सोडून खाली बुधवारच्या ओळीत लिहिलं: ‘खरं बोलली. उशिरा.’

*

भिंगरीच्या पट्ट्या बाराव्या दिवशी सुटल्या. आवारात काठ्या मांडल्या होत्या, सगळ्या जमिनीवर. बोगदा नवा होता. टेलरकाकूंनी अस्तराच्या कापडाचा शिवला होता. त्यासाठी जुन्या पडद्यांच्या अस्तराची शिवण चार दुपारी बसून मुकादमने उसवून दिली होती.

“थोडी वर घे की काठी!” एक मुलगा ओरडला. “ही तर नुसती चालतेय!”

“आक्षेप!” वकील म्हणाला. “चालणं सोपं नाही. आजोबा, दाखवा!”

आजोबा खरंच भिंगरीच्या मागे उभे राहिले आणि एकेक पाय उचलत काठ्या ओलांडू लागले. तिसऱ्या काठीला त्यांची चप्पल लागली. भिंगरीचा एकही पाय लागला नाही.

समोरचं मशीन थांबलं.

“शाबास!” खिडकीतून आवाज आला.

ती शाबासकी आपलीच, हे भिंगरीला लगेच पटलं. तिची शेपटी गोल गोल फिरू लागली. ती दुसऱ्या कोणाला असेल का, हे मुकादमने वर बघून विचारलं नाही. ती वाकली आणि आजोबांच्या चपलेने हललेली काठी तिने परत सरळ केली. जमिनीवर.